शेवटचे दीडशे मीटर: फॉक्स हंटमध्ये जवळ गेल्यावर दिशा का हरवते?

नवा_व्हीयू३ (पुणे)

सर्वांना नमस्कार. हौशी रेडिओचा (हॅम) परवाना हाती येऊन मला अजून वर्षही झालेले नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्यावे.

गेल्या रविवारी आमच्या गटाने वेताळ टेकडीवर फॉक्स हंट ठेवला होता. फॉक्स, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर, १४५.२०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये, अर्ध्या वॅटवर चालू होता आणि दर मिनिटाला वीस सेकंद मोर्समध्ये आपले कॉलसाइन (परवान्याचे ओळखचिन्ह) पाठवत होता. त्यासाठी मी मेजरिंग टेपची तीन एलिमेंटची (पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेचा सिग्नल जास्त पकडणारी अँटेना, तयार केली होती. रिफ्लेक्टर (मागची पट्टी) १०५ सेंमी, मधल्या एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी ४५ सेंमी, डायरेक्टर (पुढची पट्टी) ८९ सेंमी. रिफ्लेक्टरपासून मधले एलिमेंट २० सेंमीवर आणि तिथून डायरेक्टर ३२ सेंमीवर. जोडणीपाशी सुमारे तेरा सेंमी तारेची हेअरपिन (यू आकाराचा तुकडा). दांडा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा, पट्ट्या होज क्लॅम्पने आवळलेल्या. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळते याचे माप, १ च्या जितके जवळ तितके चांगले) १.३ आला, त्यामुळे अँटेनेत मोठी चूक नसावी असे मी धरून चाललो आहे.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने टेकडीवर चढल्याबरोबर दिशा स्पष्ट मिळाली, ती जुन्या खाणीकडची होती. खाणीच्या काठावर पोचलो तेव्हा अँटेना समोरच्या कातळभिंतीकडे दाखवू लागली, म्हणून वळसा घालून त्या भिंतीच्या माथ्यावर गेलो. त्यात पंचवीस मिनिटे गेली, आणि तिथे पोचल्यावर पाहतो तर दिशा आल्या वाटेने मागे! परत फिरलो. पुढचा प्रकार त्याहून वाईट होता, कारण फॉक्सपासून साधारण दीडशे मीटरच्या आत आल्यावर रेडिओवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर चारी दिशांना काठोकाठ भरलेला राहिला आणि अँटेना कोणत्याही बाजूला फिरवली तरी तसूभर हलला नाही. त्यातच फिरायला आलेले एक आजोबा 'रस्त्याचा सर्व्हे करताय का' म्हणून मागे लागले. माझ्या हातातल्या पिवळ्या टेपा पाहता त्यांचा संशय अगदीच गैर होता असेही म्हणवत नाही.

शेवटी आमच्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने फॉक्स शोधला, तोही नुसत्या हँडीवर (हातात धरायच्या, वॉकीटॉकीसारख्या रेडिओवर), यागी न घेता. रंगाच्या जुन्या डब्यात ठेवून तो गिरिपुष्पाच्या झाडाजवळच्या एका खडकाखाली सरकवलेला होता आणि अँटेनेची तार झाडाच्या खोडाला लावून वर नेलेली होती. त्याच खडकावर बसून मी दहा मिनिटांपूर्वी पाणी प्यायलो होतो.

माझे प्रश्न असे. पाच एलिमेंटची मोठी यागी बांधली तर फरक पडेल का? माझ्याकडे रेझिस्टर आणि स्लाइड स्विचचा घरगुती ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी जोडणी) होता, त्यातले १०, २० आणि २० असे तिन्ही टप्पे लावून ५० डीबी (डेसिबेल) कापूनही मीटर भरलेलाच का राहिला? आणि खाणीने मला फसवले ते कसे ओळखायचे?

जुना_ऑपरेटर (नाशिक)

आपली अँटेना चांगली आहे, तिला हात लावू नका. पाच एलिमेंटची यागी घेतलीत तर दोन-तीन डीबी जास्त मिळतील, पण दांडा दीड मीटरच्या पुढे जाईल आणि गिरिपुष्पाच्या फांद्यांतून तो सोडवत बसण्यातच आपला रविवार जाईल. फॉक्स हंटमध्ये सिग्नल कमी पडल्याची तक्रार पहिल्या अर्ध्या तासात असते. त्यानंतरची प्रत्येक तक्रार सिग्नल जास्त झाल्याची असते, आणि आपला दुसरा प्रश्न नेमका तिथला आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. अर्धा वॅट म्हणजे २७ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबेल). मोकळ्या जागेत १४५ मेगाहर्ट्झला दहा मीटर अंतरात सुमारे ३६ डीबी घट होते, म्हणजे दहा मीटरवर आपल्या अँटेनेला उणे ९ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळतो. यागीचा लाभ (तिच्यामुळे होणारी सिग्नलची वाढ) यात धरलेला नाही. आता व्हीएचएफवर (आपले १४५ मेगाहर्ट्झ यातच येतात) एस-९, म्हणजे सिग्नल मीटरवरची भक्कम सिग्नलची ठरावीक खूण, हिची पातळी उणे ९३ डीबीएम मानतात, आणि बहुतेक हँडींचा मीटर पहिल्या काडीपासून शेवटच्या काडीपर्यंत जेमतेम वीसेक डीबीत भरून जातो. आपण ५० डीबी कापले तरी हाती उणे ५९ उरले, म्हणजे एस-९ च्याही ३४ डीबी वर. मीटर हलणार कसा? अंतर निम्मे झाले की सिग्नल ६ डीबीने वाढतो, हा एक आकडा डोक्यात ठेवला की आपण किती जवळ आलो आहोत याचा अंदाज चालता चालता येतो.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हँडीची पेटी प्लॅस्टिकची असते. फॉक्स जवळ असताना अँटेना पूर्ण काढून टाकली, तरी आतली सर्किटे स्वतःच सिग्नल पकडतात. अशा वेळी केबलमध्ये ५० काय, ९० डीबीचा ॲटेन्युएटर लावला तरी उपयोग शून्य, कारण सिग्नल दारातून येतच नाही, भिंतीतून येतो. खात्री करून घ्यायची असेल तर एका मित्राला कमी पॉवरवर मोर्स पाठवायला सांगा, त्याच्यापासून दहा मीटरवर उभे राहा आणि हँडीची अँटेना काढून पाहा.

यावरचा खरा उपाय म्हणजे ऑफसेट ॲटेन्युएटर. एका धातूच्या डबीत ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सी तयार करणारे सर्किट) आणि १एन४१४८ सारखा साधा डायोड असतो. अँटेनेकडून आलेला सिग्नल आणि ऑसिलेटरचा सिग्नल डायोडमध्ये मिसळतात, आणि मूळच्या १४५.२०० बरोबर १४९.२०० व १४१.२०० असे दोन नवे सिग्नल तयार होतात. हँडी आपण १४९.२०० ला लावायची. आता फॉक्सचा मूळ सिग्नल प्लॅस्टिकमधून कितीही आत शिरला तरी हँडी त्याच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतच नाही. तिला ऐकू येतो तो फक्त डबीत तयार झालेला सिग्नल, आणि तो किती मोठा व्हावा हे आपल्या हातात असते, कारण ऑसिलेटरमधून डायोडकडे किती व्होल्टेज जाऊ द्यायचे ते एका पॉटने (गुंडी फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) ठरवता येते. पॉट कमी केला की मिसळणे कमी, सिग्नल कमी. डबी नीट बंद असेल तर या पद्धतीने १०० डीबीच्या आसपास घट सहज मिळते आणि तीही सलग, टप्प्याटप्प्याने नव्हे. रेडिओ १४९.२ घेत नसेल किंवा तिथे दुसरा कोणी बोलत असेल तर १४१.२ वापरावे.

चार पायांचा तयार ऑसिलेटर मॉड्यूल पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधल्यास मिळतो. त्याला ५ व्होल्ट लागतात, तेव्हा ९ व्होल्टच्या बॅटरीपुढे ७८एल०५ लावा. डबी मात्र प्लॅस्टिकची घेऊ नका. कॉपर क्लॅडचे (तांब्याचा थर असलेल्या बोर्डाचे) तुकडे सोल्डर करून केलेली चालेल, ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर उत्तम.

एक गोष्ट बजावून सांगतो. डबी जोडलेली असताना पीटीटी (बोलण्यासाठीचे बटण) दाबायचे नाही. दाबले तर डायोड जाईलच, शिवाय आपण हॅम बँडच्या (हौशी रेडिओला नेमून दिलेल्या पट्ट्याच्या) बाहेर ट्रान्समिट केलेले असेल, आणि ते चूक म्हणून सोडून देण्यासारखे नाही. बटण लॉक करून ठेवा, किंवा सरळ त्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. मी पुठ्ठा चिकटवतो.

७३ (शुभेच्छा)

कातळ_आणि_कोन (सातारा)

खाणीबद्दल मी लिहितो, कारण डोंगराळ भागात राहिल्याने या प्रकाराने मला आपल्यापेक्षा जास्त वेळा फसवले आहे.

आपल्या वर्णनावरून दिसते ते असे, की काठावर उभे असताना फॉक्स आणि आपण यांच्यामध्ये टेकडीचा उंचवटा होता आणि सरळ येणारा सिग्नल त्याने अडवला; समोरची कातळभिंत मात्र फॉक्सला उघडी दिसत होती, त्यामुळे तिच्यावर आपटून परत आलेला सिग्नल सरळ सिग्नलपेक्षा मोठा ठरला. अँटेनेने खोटे सांगितले नाही. तिने त्या जागी सगळ्यात मोठा सिग्नल कुठून येतो ते सांगितले, आणि तो भिंतीकडूनच येत होता. दोन मीटर बँडची, म्हणजे आपल्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरींची, तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर आहे; एवढ्या लांबीच्या लहरींना खाणीची भिंत, उंच इमारत किंवा पाण्याची टाकी म्हणजे आरसाच.

परावर्तन ओळखण्याच्या दोन खुणा मी वापरतो. पहिली म्हणजे यागी नव्वद अंशात वळवून पाहणे. आपल्याकडे फॉक्सची अँटेना बहुधा उभी असते, म्हणून यागीचे एलिमेंटही उभे धरायचे असतात. दिशा मिळाली की त्याच दिशेला रोखून एलिमेंट आडवे करा. सिग्नल सरळ येत असेल तर तो ठळकपणे पडतो, मोकळ्या जागेत पंधरा-वीस डीबीनेही. आपटून आलेल्या सिग्नलचे ध्रुवीकरण (लहरीचा उभे-आडवेपणा) विस्कटलेले असते, त्यामुळे उभ्या-आडव्यात फारसा फरक दिसत नाही. दुसरी खूण म्हणजे दिशेचा रुंदपणा. सरळ सिग्नलचे शिखर स्वच्छ असते आणि पाठीमागे तो नीट पडतो. परावर्तित सिग्नल दोन-तीन ठिकाणी फुगतो, आणि दोन पावले बाजूला सरकले की शिखराची जागा बदलते.

आता दिशा मोजण्याविषयी. तीन एलिमेंटच्या यागीचे शिखर साठेक अंश रुंद असते, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे हे शोधत बसणे व्यर्थ आहे. त्याऐवजी डावीकडे वळत जाऊन मीटरची एक काडी जिथे पडते तो कोन लक्षात ठेवा, मग उजवीकडे तीच काडी पडेपर्यंत वळा, आणि दोन्ही कोनांचा मध्य घ्या. असे केल्यावर पाच-सात अंशांच्या आत येता येते. पाच अंशांची चूक एक किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर होते, दहा अंशांची १७६. म्हणूनच एका रेषेवर विसंबून पळत सुटू नये. दोनशे-तीनशे मीटर अंतरावरच्या तीन उंच जागांवरून रेषा घ्याव्यात, शक्यतो अशा की त्या एकमेकींना मोठ्या कोनात छेदतील, आणि जी रेषा बाकी दोघींशी जुळत नाही तिच्या वाटेला जाऊ नये. आपण खाणीच्या काठावर आणखी एक रेषा घेण्याऐवजी आधी वेताळबाबाच्या देवळाकडच्या उंचीवर गेला असता, तर ती पंचवीस मिनिटे वाचली असती असे मला वाटते.

होकायंत्र वापरत असाल तर ते यागीपासून हातभर लांब धरा. मेजरिंग टेपची पट्टी पोलादी असते आणि हँडीच्या स्पीकरमध्ये चुंबक असते. मी एकदा होकायंत्र दांड्यावरच चिकटवले होते आणि संपूर्ण सकाळ सुई माझ्या डायरेक्टरचा आदर करत राहिली. चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांच्यातला फरक मात्र आपल्या भागात एका अंशाच्याही आत असल्याने नकाशावर रेषा ओढताना तो सोडून दिला तरी चालतो.

नुसती_हँडी (ठाणे)

त्या कॉलेजच्या मुलाने काय केले असेल ते मी सांगू शकते, कारण मीही तेच करते. हँडी छातीशी घट्ट धरायची आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचे. आपले शरीर म्हणजे खाऱ्या पाण्याचा पिंप आहे, तो दोन मीटरच्या लहरी बऱ्यापैकी अडवतो. आपली पाठ फॉक्सकडे झाली की सिग्नल सगळ्यात कमी होतो. मोठा सिग्नल शोधू नका, कमी झालेला शोधा. तो अरुंद असतो, म्हणून जास्त अचूक असतो. फॉक्स मग बरोबर आपल्या पाठीमागे.

जवळ गेल्यावर मीटर भरला, की मी एकामागून एक गोष्टी काढत जाते. आधी रबरी अँटेना काढायची आणि तिच्या जागी स्टेपलरच्या पिनेएवढी तार खोचायची, मग तीही काढायची. त्यानंतर फ्रिक्वेन्सी ५ किलोहर्ट्झने, मग १० ने बाजूला सरकवायची, म्हणजे रिसीव्हरचा फिल्टरच ॲटेन्युएटरचे काम करतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडे ठेवायचे. एफएममध्ये सिग्नल वाढला म्हणून आवाज वाढत नाही, पण सिग्नल कमकुवत असताना मागची खरखर किती आहे ते कानाला मीटरच्या काड्यांपेक्षा फार बारीक कळते.

आणि माझी सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे तिसरा हार्मॉनिक. १४५.२ ची तिप्पट ४३५.६ मेगाहर्ट्झ. आजकालची जवळजवळ प्रत्येक हँडी तिथे ऐकते. कोणत्याही ट्रान्समीटरमधून थोडासा तिसरा हार्मॉनिक निसटतोच, पण तो मूळ सिग्नलपेक्षा इतका लहान असतो की फार जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणजे फॉक्स स्वतःच आपल्यासाठी ॲटेन्युएटर लावून बसलेला असतो. खालच्या बँडवर मीटर भरला की मी ४३५.६ वर जाते आणि पुन्हा तोच गोल फेरा मारते. फॉक्स बनवणाऱ्याने आउटपुटला चांगला फिल्टर लावला असेल तर ही युक्ती चालत नाही, आणि असे लोक जगात आहेत.

जुना_ऑपरेटर काकांच्या डबीबद्दल आदर आहे, पण पहिल्या दोन-चार हंटना ती न नेता जावे, असे माझे मत. डबीची गुंडी फिरवण्याच्या नादात नवीन माणूस डोळे वापरायचे विसरतो. शेवटच्या पाच मीटरमध्ये रेडिओ बंद करून बघायचे असते: खोडावर चढलेली तार, उलटी पडलेली पालापाचोळ्याची थप्पी, जागेवरून हललेला दगड.

म्युनिकहून (जर्मनी)

नुसती_हँडी ताईंचे शेवटचे वाक्य इथल्या प्रत्येक प्रशिक्षकाने फलकावर लिहून ठेवावे असे आहे. मी गेली काही वर्षे इथे एआरडीएफ, म्हणजे धावत जाऊन ट्रान्समीटर शोधण्याची स्पर्धा, खेळते. तिचे स्वरूप आपल्याकडच्या फॉक्स हंटपेक्षा बरेच वेगळे असल्याने दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

इथे जंगलात पाच फॉक्स असतात, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, आणि प्रत्येक जण एकेक मिनिट पाळीने बोलतो. म्हणजे एकाला पुन्हा ऐकायला चार मिनिटे थांबावे लागते. ओळख मोर्सची: एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच, एमओ५. यातली गंमत अशी की एमओ नंतर येणाऱ्या टिंबांची संख्या अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, पाच असते, त्यामुळे मोर्स न येणाऱ्यालाही बोटे मोजून फॉक्सचा क्रमांक कळतो. स्पर्धा संपते त्या रेषेजवळचा बीकन (वाट दाखवणारा ट्रान्समीटर) नुसते एमओ पाठवतो. हा खेळ युरोपात जुना आहे. पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये पोलंडमध्ये झाली.

दोन मीटरच्या स्पर्धेत इथले फॉक्स आडव्या ध्रुवीकरणाचे आणि एएम असतात, तेव्हा आपल्या सवयीने यागी उभी धरून कोणी इथे धावू नये. मी पहिल्या सरावात तशीच धावले होते. अँटेना बहुधा एचबी९सीव्ही पद्धतीची, दोनच एलिमेंटची. एलिमेंटमधले अंतर तरंगलांबीचा आठवा भाग, म्हणजे सुमारे २६ सेंमी, आणि दोन्ही एलिमेंटना सिग्नल जोडलेला. दांडा आखूड असल्यामुळे झुडपांतून पळता येते, आणि पाठीमागचा सिग्नल चांगला दबतो.

पण नव्या माणसाने खरे तर ८० मीटर बँडवर सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. ३.५ मेगाहर्ट्झची लहर पंचाऐंशी मीटर लांब. तिला खाणीची भिंत किंवा ओली झाडे फारशी दिसतच नाहीत, त्यामुळे पुण्याच्या मित्राला जे झाले ते तिथे सहसा होत नाही. अँटेना म्हणजे फेराइट रॉडवर गुंडाळलेली तार. जुन्या मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टरमधला रॉड काढून त्यावर नव्याने कमी वेढे घेतले तर कामाला येतो. रॉडचे टोक फॉक्सकडे झाले की सिग्नल एकदम बुडतो, इतका की दोन-तीन अंशांत रेषा सापडते. अडचण एकच: रॉडला दोन टोके असतात, आणि फॉक्स पुढे की मागे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी बाजूला एक छोटी उभी छडी असते. बटण दाबले की छडीचा सिग्नल रॉडच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि दोन शिखरांपैकी एक मोठे, दुसरे लहान होते. आधी बटण दाबून बाजू ठरवायची, मग बटण सोडून बुडालेल्या बिंदूने रेषा पक्की करायची. हा क्रम हाताला बसायला मला दोन शनिवार लागले.

नवा_व्हीयू३ (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात डबी बांधली.

आधी मित्राला घेऊन अँटेना काढण्याची चाचणी केली. दहा मीटरवर, अँटेनेशिवाय, मीटर पूर्ण भरला. माझा स्लाइड स्विचचा ॲटेन्युएटर मी त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

काल पुन्हा टेकडीवर गेलो. या वेळी खाणीच्या काठावर मुद्दाम उभा राहून यागी उभी-आडवी करून पाहिली, आणि भिंतीच्या दिशेला दोन्हीकडे मीटर जवळजवळ सारखाच दिसला. तिकडे पाठ फिरवून देवळाच्या उंचीवरून रेषा घेतली. दीडशे मीटरपासून पुढे डबी जोडली आणि गुंडी जसजशी कमी करत गेलो तसतशी दिशा स्पष्ट होत गेली. पहिल्यांदाच मला फॉक्सच्या जवळ जाताना मीटर हलताना दिसला. बावीस मिनिटांत फॉक्स सापडला. शेवटच्या चार मीटरमध्ये रेडिओ बंद केला होता, हे ताईंसाठी लिहितो. आजोबा याही वेळी भेटले. त्यांना यागी हातात धरायला दिली तेव्हा त्यांनी सर्व्हेचा विषय सोडला आणि रेडिओ सिलोनचा काढला.

दोन शंका मात्र राहिल्या आहेत. फॉक्स सापडल्यावर रेडिओ पुन्हा लावून पाहिला, तर गुंडी अगदी शून्यावर नेली तरी तीन मीटरच्या आत १४९.२०० वर फॉक्स ऐकू येतच राहतो. आणि घरी तपासताना, फॉक्स चालू नसतानाही, १४८.००० वर एक अखंड सिग्नल दिसतो. डबीत काही चुकले आहे का?

जुना_ऑपरेटर (नाशिक)

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती शंका नव्हे, डबी नीट चालत असल्याचा पुरावा आहे. तयार मॉड्यूल चौकोनी लहर देतो, तिच्यात हार्मॉनिकांची लांबलचक माळ असते, आणि ४ ला ३७ ने गुणले की १४८ येतात. तसाच एक १४४.००० वर आणि एक १५२.००० वर सापडेल. फॉक्सची फ्रिक्वेन्सी निवडताना तिच्यात चार मिळवून किंवा वजा करून येणारा आकडा यांच्यावर पडणार नाही एवढे पाहिले की झाले, १४९.२०० त्यांच्यापासून लांब आहे.

तीन मीटरच्या आतली गळती बहुधा झाकणाची आहे. डबी ओतीव ॲल्युमिनियमची घेतली असेल आणि तिला रंग असेल, तर झाकण जिथे टेकते त्या कडेचा रंग सँडपेपरने पूर्ण खरवडून काढा, नाहीतर स्क्रू आवळले तरी धातूला धातू लागत नाही आणि डबी विजेच्या दृष्टीने उघडीच राहते. बॅटरी बाहेर ठेवली असेल तर ती आत घ्या, कारण तिच्या दोन तारा अँटेनेचे काम करतात. डबी आणि हँडी यांच्यामधली केबल हातभर असेल तर काढून टाका आणि ॲडॉप्टरने डबी सरळ हँडीवर बसवा. एवढे करूनही शेवटच्या दोन मीटरमध्ये मीटर भरला, तर यागीची केबल काढून डबीच्या सॉकेटमध्ये बोटभर तार खोचा आणि हँडी छातीशी धरून फिरा.